मदत हवी आहे: हिमोग्लोबिनच्या साखळ्या ॲनिमेशनमध्ये हळूहळू विरवायच्या आहेत (कायमेराएक्स, म्हणजे रेणूंची त्रिमितीय चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर)

कृष्णाकाठ, सांगली

विश्रामबागच्या कॉलेजात बीएस्सीच्या वर्गाला दाखवायला आठ-दहा सेकंदांचा व्हिडिओ हवाय. रचना प्रोटीन डेटा बँकेतली 4एचएचबी, म्हणजे डीऑक्सी (ऑक्सिजन न धरलेलं) हिमोग्लोबिन, साखळ्या ए, बी, सी, डी. घडातले मणी एकेक काढावेत तशा बी, डी आणि सी साखळ्या विरत जाव्यात आणि शेवटी एकटी ए साखळी तिच्या हीमसकट (लोह असलेल्या गटासकट) उरावी. साखळ्या कार्टूनमध्ये (फितीसारख्या) आहेत, हीम आणि त्याला धरणारं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल कांड्यांत (स्टिक).

आतापर्यंतचे प्रयत्न:
1) 'हाइड' दिलं की साखळी एका फ्रेममध्ये गडप होते.
2) 'ट्रान्स्परन्सी /बी 50' दिलं, काहीच बदललं नाही. एररही नाही.
3) 'क्रॉसफेड 25' चालतं, पण रेणू फिरत असताना दोन-दोन प्रतिमा दिसतात.

(फोनवरून लिहितेय म्हणून कमांड देवनागरीत.)

हेलिक्सवाला, सातारा

ताई, तिसऱ्यापासून सुरू करतो. क्रॉसफेड त्या क्षणाचं चित्र गोठवतं आणि पुढच्या फ्रेमवर ते फिकं करत नेतं. खालचा रेणू फिरतोय, वरचं चित्र जागच्या जागी, म्हणून भूत दिसतं. रेणू स्थिर असेल तर मात्र यापेक्षा सोपं काही नाही: आधी क्रॉसफेड, मग हाइड, मग वेट 25.

दुसऱ्यात 'टार्गेट' राहिलंय. ते दिलं नाही तर ट्रान्स्परन्सी फक्त सरफेसला (रेणूच्या बाह्य पृष्ठभागाला) लागते, आणि तुमच्याकडे सरफेसच नाही. कार्टूनसाठी सी, अणूंसाठी ए, बंधांसाठी बी.

फिरता रेणू विरवायला 'परफ्रेम' वापरा, ते दर फ्रेमला कमांड चालवतं आणि $1 च्या जागी पुढचा आकडा घालतं. स्क्रिप्टमध्ये क्रम असा:

मूव्ही रेकॉर्ड सुपरसॅम्पल 3
टर्न वाय 1 195
परफ्रेम "ट्रान्स्परन्सी /बी $1 टार्गेट एबीसी" रेंज 0,100 फ्रेम्स 50
वेट 50
हाइड /बी टार्गेट एबीसी
ट्रान्स्परन्सी /बी 0 टार्गेट एबीसी
वेट 15

मग हेच डी आणि सीसाठी, शेवटी मूव्ही एन्कोड, फ्रेमरेट 25. तीन वेळा 65 म्हणजे 195 फ्रेम, 7.8 सेकंद.

परफ्रेम काम लावून लगेच पुढच्या ओळीवर जातं, थांबत नाही. 'वेट 50' विसरलात तर साखळी विरायच्या आधीच हाइड होईल आणि परत पहिला प्रश्न समोर. ट्रान्स्परन्सी शून्यावर आणणंही टाळू नका. नाहीतर पुढच्या वेळी 'शो' दिल्यावर साखळी असूनही दिसणार नाही आणि फाइल बिघडली असं वाटेल.

साखळीचा रंग पार्श्वभूमीसारखा करत नेण्याचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका. रंग गेला तरी मागचं झाकलेलं झाकलेलंच राहतं.

कृष्णाकाठ, सांगली

जमलं, धन्यवाद सर! एकच राहिलं. बी साखळी विरली, पण हीमच्या जागी तुटक जांभळ्या रेघा हवेत लटकतायत.

हेलिक्सवाला, सातारा

लोह आणि हिस्टिडीनमधला समन्वय बंध आहे तो. कायमेराएक्स त्याला स्यूडोबाँड (नेहमीच्या बंधापेक्षा वेगळी, तुटक रेघेने दाखवलेली जोडणी) मानतं, त्याचं अक्षर पी. तिन्ही ओळींत 'एबीसीपी' करा. बी साखळीत तो हिस्टिडीन 92 पाशी, ए साखळीत 87 पाशी. ए मधला राहू द्या, तोच तर दाखवायचाय.

सावल्या चालू असतील तर बंद करा, त्या साखळीच्या वेगाने विरत नाहीत.

पेप्टाइड_कराड

विरवण्याऐवजी एका टोकापासून सोलायचं असेल तर: परफ्रेम "हाइड /बी:1-$1 कार्टून्स" रेंज 2,146,2. बीटा साखळीत (बी, डी) 146 अमिनो आम्लं, दोन-दोन गेली की 73 फ्रेम, साधारण तीन सेकंद. पायरी पूर्णांकच ठेवा, 'रेसिड्यू 2.7' नावाचं काही नसतं. अल्फाला (ए, सी) 141 आहेत, तिथे 146 कॉपी-पेस्ट झालं तर शेवटच्या फ्रेम रिकाम्या जातात.

सॉल्व्हंट

पायमॉल (असंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: तिथे पारदर्शकता 0 ते 1, टक्के नव्हेत. साखळी आधी 'एक्स्ट्रॅक्ट'ने वेगळा ऑब्जेक्ट करा. 'क्रिएट' वापरलंत तर मूळ साखळी खाली ठणठणीत उभी राहते, वरची प्रत विरते आणि पडद्यावर काहीच घडल्यासारखं दिसत नाही. मग 'एमडीओ'ने (ठरावीक फ्रेमला कमांड चालवणारी कमांड) प्रत्येक फ्रेमला कार्टून_ट्रान्स्परन्सी वाढवत न्या. हीमच्या कांड्यांना स्टिक_ट्रान्स्परन्सी वेगळी लागते. फ्रेम 1 ला शून्य लिहायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या फेरीत साखळी सुरुवातीपासूनच गायब.

कृष्णाकाठ, सांगली

पी घातल्यावर रेघा गेल्या. शेवटी 30 फ्रेमचा वेट वाढवलाय, टर्न 225 केलं.

हेलिक्सवाला, सातारा

टर्न 195 वरच ठेवा. शेवटचे 30 फ्रेम रेणू थांबलेला बरा, हीमकडे बोट दाखवायला.