मदत हवी आहे: दुकानाचा फोनखर्च कमी करायचा आहे, पण जुना ०७१२ चा नंबर जाऊ द्यायचा नाही

इतवारी_पंपवाला

नमस्कार मंडळी. नागपूरला इतवारीत आमचं मोटारपंपाच्या पार्टचं दुकान आहे, गोडाऊन वाडीला. फोनवर महिन्याला सात हजार जाऊन राहिले. तीन महिन्यांची बिलं काढून बसलो तर हिशोब असा निघाला: तीन लँडलाईनचे मिळून २,३००, पाच पोरांची पोस्टपेड सिमं ४९९ च्या प्लॅनवर, १८ टक्के जीएसटी धरून २,९४४, ईपीएबीएक्सच्या (दुकानातले फोन आपसात जोडणारी पेटी) एएमसीचे, म्हणजे देखभालीच्या कराराचे, महिन्याला ८००, आणि ब्रॉडबँड ९४३.

इंटरनेटवरून फोन घेतले की खर्च निम्म्यावर येतो असं ऐकून एकाकडून महिनाभराची ट्रायल घेतली. जानेवारीत त्यावर काटोलकडच्या एका काकांचा फोन आला. संत्र्याचा आंबिया बहार, झाडांचं पाणी थांबवून दिलेला ताण तोडून पहिलं पाणी द्यायचं, आणि नेमका स्टार्टर जळालेला. आवाज तुटत होता. ते साडेबारा एचपी म्हणाले, आमच्या पोराला फक्त ‘साडे’ ऐकू आलं. साडेसातचा माल जास्त खपतो म्हणून त्याने साडेसातचा स्टार्टर संध्याकाळच्या एसटीने पाठवला. काकांचा पाण्याचा एक दिवस गेला. ते काही बोलले नाहीत, पण मला ते अजून लागून आहे. ट्रायल त्याच दिवशी बंद केली.

दुसरी गोष्ट नंबरची. बाबांनी घेतला तेव्हा तो सहा आकडी होता, मागाहून पुढे २ लागला. मागे एका विहिरीवरच्या खोलीत मी स्वतः पाहिलं: स्टार्टरच्या वर भिंतीवर ऑइलपेंटने आमचा नंबर, आणि पुढचा २ कोळशाने लिहिलेला. असा नंबर सोडता येत नाही.

तर विचारायचं आहे की लाईन १०० एमबीपीएसची असून आवाज का तुटावा? आणि हा नंबर इंटरनेटच्या फोनवर नेता येतो का? आणखी एक जण सिम खोचायचा डबा देतो म्हणतो, त्यातून कॉल जवळजवळ फुकट पडतात म्हणे. घ्यावा का?

हिंगणा_नेटवर्क

भाऊ, डबा अजिबात घेऊ नका. इंटरनेटवरून आलेले कॉल सिमच्या डब्यातून लोकल म्हणून बाहेर सोडणं म्हणजे विनापरवाना एक्स्चेंज चालवणं. पोलीस केस होते, आणि सिमं ज्याच्या नावावर तो आधी अडकतो. दुकान ते गोडाऊन आपसात इंटरनेटवरून बोला, त्याला हरकत नाही. बाहेरच्या नंबरांशी जोडायचं तर परवाना असलेल्या टेलिकॉम कंपनीकडूनच सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोनलाईन) किंवा फायबरवरची व्हॉइस लाईन घ्यावी लागते.

आवाजाचं म्हणाल तर स्पीडचा दोष नाही. जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करायची एक पद्धत) एक कॉल दोन्ही दिशांना प्रत्येकी ९० केबीपीएसच्या आसपास खातो, जी.७२९ वर तीसेक. चार कॉल एकदम चालले तरी अर्धा एमबीपीएस पुरतो. घोळ होतो तो अपलोडच्या रांगेत. आवाजाची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतात. एखादं दुसऱ्या डेटाच्या मागे अडकून उशिरा पोचलं तर पलीकडचा फोन ते टाकून देतो, परत मागवत बसत नाही. ‘साडे’च्या पुढचं तिथेच गेलं असणार. दुकानात क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे आहेत का? आणि फोन वायफायवर होता की वायरवर?

इतवारी_पंपवाला

सहा कॅमेरे आहेत, सगळे क्लाउडवर. फोन वायफायवरच होता, आणि राउटर बेअरिंगच्या लोखंडी रॅकच्या मागे.

हिंगणा_नेटवर्क

मग झालं की निदान. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दुकानातच डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवर घ्या, राउटरमध्ये क्यूओएस लावून आवाजाला पहिला नंबर द्या, आणि फोन वायरने जोडा. बाबांचा जुना फोन फेकू नका. एटीए नावाचं छोटं यंत्र मिळतं, त्यात जुन्या फोनची वायर लागते आणि तो इंटरनेटवर चालतो.

ईपीएबीएक्सऐवजी अ‍ॅस्टेरिस्क हे फुकटचं सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, रास्पबेरी पाय नावाच्या लहानशा कॉम्प्युटरवरही चालतं. पण ते सांभाळणारा माणूस नसेल तर नादी लागू नका. एक्स्टेंशन १०१ चा पासवर्डही १०१ ठेवून ५०६० पोर्ट (इंटरनेटच्या फोनचा बाहेरचा दरवाजा) उघडा टाकलेली दुकानं मी पाहिली आहेत. रात्रीतून परदेशी कॉल होतात आणि बिल मालकाच्या नावावर येतं. काहीही घ्या, आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घ्या.

वैदर्भी

दादा, मी वर्धमान नगरला ट्रान्सपोर्टचं ऑफिस सांभाळते, माझाही हाच घोळ झाला होता. मिनिटांमध्ये आता काही वाचत नाही. एका कंपनीने दुसरीला द्यायचं कॉलचं शुल्क १ जानेवारी २०२१ पासून शून्य झालं, आणि प्रीपेड पॅकवरही अनलिमिटेड कॉल मिळतात. तुमचे पैसे भाड्यात आणि एएमसीत अडकले आहेत. पोरांची सिमं प्रीपेडवर टाका. दुकानातली दुसरी लाईन आणि गोडाऊनची लाईन सोडा, तिथे इंटरनेटचं एक्स्टेंशन पुरतं.

भिंतीवरच्या नंबरची मात्र घाई करू नका. मोबाईलसारखा लँडलाईनचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे पोर्ट होत नाही. आहे त्याच कंपनीला लेखी विचारा की हाच नंबर फायबरवर देता का, आणि नवीन लाईनवर तो वाजेपर्यंत तांब्याची तार सोडू नका. तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून येते, ४८ व्होल्ट, म्हणून लाईट गेली तरी तो वाजतो. फायबरचा डबा लाईटीबरोबर बंद पडतो. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. डबा आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावाच.

इतवारी_पंपवाला

ताई, भाऊ, मनापासून आभार. रविवारी कॅमेरे डीव्हीआरवर घेतले, राउटर गल्ल्याजवळ आणला, फोन वायरवर टाकला. काल भर दुपारी गोडाऊनमधून मी वीस मिनिटं बोललो. बाबा इकडे रिसीव्हर धरून एकेक पार्टचा नंबर मागे म्हणत होते. एकही चुकला नाही.

दोन लाईन, एएमसी आणि पोस्टपेड गेलं की महिन्याचे अडीच-तीन हजार तरी वाचतील असं दिसतं. नंबर फायबरवर नेण्याचा अर्ज लिहून ठेवला आहे, उद्या देतो आणि पोच घेतो. तोवर तार तशीच राहील. एवढंच सांगा, वाडीला गोडाऊनमध्ये धूळ फार आहे. तिथे एटीए आणि राउटर बंद पेटीत ठेवले तर उन्हाळ्यात तापून बंद पडतील का? कोणी तसं बसवलं असेल तर पेटीला जाळी कुठे ठेवली ते लिहा.