लवचिक रोबोट: नुसतं वाकून भागतं का?

वक्ररेषा: "शस्त्रक्रियेतल्या कडक हत्यारांचा जमाना संपला, आता सापासारखे रोबोट" अशी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वाकवणं सोपं आहे हो. नळीतल्या तारा ओढल्या की टोक वळतं. त्याच टोकाने ऊती धरून खेचायला जा, नळीच झुकते. वर तारांचं घर्षण: मोटर फिरली तरी टोक उशिरा हलतं, परतताना भलत्याच वाटेने येतं. हवं तेव्हा मऊ, हवं तेव्हा ताठ, हे साधेपर्यंत जमान्याच्या गोष्टी नकोत.

नितिनॉल: तारांवरच का अडकलात? आधीच बाक दिलेल्या नितिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमचा लवचिक मिश्रधातू) नळ्या एकात एक घालून फिरवा, तारा लागतच नाहीत. आणि फुप्फुसात लवचिक रोबोट पोचलाय. आयन नावाच्या त्या रोबोटला २०१९ मध्ये एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाची, मंजुरी मिळाली. कॅथेटर, म्हणजे आत जाणारी नळी, ३.५ मिमीचं, आकार कळायला आत ऑप्टिकल फायबर. तुमची कडक नळी नेऊन दाखवा तिथे!

वक्ररेषा: फुप्फुसाचं मान्य. पण तिथे सुईने नमुना घ्यायचाय, टाके घालायचे नाहीत. तुमच्या नळ्यांत बाक जास्त असला की पीळ साठतो आणि टोक एकदम उडी मारतं. मेंदूत चालेल?

निर्जंतुक: धुणार कोण, ते बोला. मी उपकरणं साफ करणाऱ्या विभागात आहे. डुओडेनोस्कोपच्या (तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाणारी दुर्बीण) टोकाच्या बारीक हलत्या भागात जंतू राहून रुग्णांना संसर्ग झाले. रचनाच सफाईच्या आड येऊ शकते, असं एफडीएने २०१५ मध्ये बजावलं. तुमच्या रोबोटात तर सांध्यासांध्याला खाच!

नितिनॉल: विषय भरकटवू नका. एकदा वापरून टाकून द्यायचं.

निर्जंतुक: आणि बिल रुग्णाने भरायचं? ब्रश जिथे शिरत नाही अशी खाच काढणाऱ्यांनी आमच्या सिंकपाशी एक पाळी उभं राहावं. लांब अरुंद वाहिनी ओली राहिली की आमचा जीव टांगणीला लागतो. दोष मात्र धुणाऱ्यांवर येतो.

वक्ररेषा: हा मुद्दा माझ्यापेक्षा मोठा आहे.

नितिनॉल: तुम्हाला सगळ्यात खोटच दिसते. माझ्या आईची गाठ फुप्फुसाच्या कडेला होती. साधी दुर्बीण पोचली नाही. छातीतून सुई घातली, फुप्फुस मिटलं, नळी टाकावी लागली. म्हणून चिडतो मी.

निर्जंतुक: आईचं वाचून वाईट वाटलं. तरी तिच्या आधीच्या रुग्णाचे जंतू तिच्यात जाऊ नयेत, एवढंच मागतेय.

नितिनॉल: बरं. मोटरा आणि तारा बाहेरच्या भागात, आत जाणारी नळी सुटी, सरळ, खाचेविना. तेवढं मानतो. ताठपणाचं मात्र वक्ररेषा म्हणतात तितकं अडलेलं नाही. दाणे भरलेल्या पिशवीतली हवा ओढली की ती घट्ट होते, हे स्टिफ-फ्लॉप या युरोपीय संशोधन प्रकल्पाने करून पाहिलंय.

वक्ररेषा: प्रयोगशाळेत. त्या पिशवीला जाडी लागते. ३.५ मिमीत बसवून दाखवा, मग बोलू.