शनिवार पेठेतल्या बोळात १४ मजले खरंच उभे राहतील का?

ओसरीवरचा

नमस्कार मंडळी. आमचा वाडा शनिवार पेठेत. आमचा म्हणजे मालकांचा. आम्ही तिसऱ्या पिढीचे भाडेकरू. दोन खोल्या, सामाईक मोरी, भाडं महिना ७८ रुपये. पानशेतच्या पुराची, १९६१ ची खूण अजून चौकातल्या खांबावर आहे, माझ्या डोक्याच्या वर.

गेल्या रविवारी बिल्डरचा माणूस येऊन गेला. सोबत गुळगुळीत कागदावरचं चित्र: १४ मजले, गच्चीत बाग, खाली दुकानं. म्हणाला, मेट्रो आली, आता इथे एफएसआय ४ मिळतो, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम, मालक तयार आहेत, तुम्ही सह्या द्या. चित्रात आमच्या बोळात दुतर्फा झाडं आहेत आणि दोन मोटारी शेजारून शेजारून चालल्यात. प्रत्यक्षात गॅसचा टेम्पो कोपऱ्यावर थांबतो आणि सिलिंडर खांद्यावर येतो.

वाड्याची दर्शनी बाजू २८ फूट, आत ११० फूट. शनिवारवाड्याच्या तटापासून दोनेकशे मीटर. आई म्हणते, सही करून मोकळा हो, मला हा जिना आता चढवत नाही. माझं मन धजत नाही. कोणी या धंद्यातलं आहे का इथे?

ट्रेसिंगपेपर

धंद्यातलाच. एकतीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले, त्यातले निम्मे पेठांमधले. आता गुडघे गेलेत, म्हणून इथे लिहीत बसतो.

४ एफएसआय त्याने मनाचा सांगितलेला नाही. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या टापूत जास्तीत जास्त ४ पर्यंत जाता येतं, आणि सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ नि मंडई स्टेशनच्या आसपासचा प्रत्येक मालक तोच आकडा घोकतोय. पण 'जास्तीत जास्त' हा शब्द चित्रावर छापत नाहीत. समोरचा रस्ता किती रुंद आणि प्लॉट किती मोठा, यावर तो आकडा ठरतो. अरुंद रस्ता, छोटा प्लॉट असला की सरसर खाली येतो.

आता तुमचं माप घ्या. २८ बाय ११० म्हणजे ३,०८० चौरस फूट, मीटरमध्ये २८६. एवढ्या जागेवर पूर्ण ४ मिळाला असं धरलं तरी बांधकाम १,१४४ चौरस मीटर. ते १४ मजल्यांवर वाटलं तर मजल्याला ८२. त्यातून जिना, लिफ्ट, पॅसेज वजा करा. मजल्यावर एक फ्लॅट बसला तर नशीब. तुम्ही भाडेकरू किती, मालकाचे वारस किती, आणि बिल्डर विकणार काय? हे गणित त्याच्या माणसाला करायला सांगा, माझ्यासमोर.

खरी मेख पुढेच आहे. साधारण २४ मीटरच्या, म्हणजे सात-आठ मजल्यांच्या पलीकडे गेलात की अग्निशमनचा कारभार कडक होतो. बंबाला आत यायला, शिडी लावायला ६ मीटर मोकळी जागा लागते. तुमची दर्शनी बाजू २८ फूट, म्हणजे साडेआठ मीटर. सहा गेले, उरले अडीच. अडीच मीटर रुंदीची १४ मजली इमारत! तिला इमारत म्हणत नाहीत, उदबत्ती म्हणतात.

शिवाय शनिवारवाडा. तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्यामुळे २०१० च्या कायदा-दुरुस्तीपासून संरक्षित हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित. तुम्ही त्या दुसऱ्या पट्ट्यात दिसता. म्हणजे नकाशा महापालिकेत जाण्याआधी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी, आणि उंचीचा आकडा त्या पत्रावर लिहून येतो. ते पत्र आधी मागा. अंतर हद्दीपासून मोजतात, दिल्ली दरवाजापासून नाही. यावरून लोकांची भांडणं झालेली मी पाहिलीत.

तळघरात पार्किंग दाखवलंय का? असेल तर खाली जुने हौद, पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याचे नळ, काहीही निघू शकतं. स्वारगेटला मेट्रो खोदताना भुयार निघालंच होतं.

उंच इमारती मध्यवस्तीत होतीलच. पण त्या स्वारगेट, शिवाजीनगरसारख्या ठिकाणी, जिथे मोठा प्लॉट आणि रुंद रस्ता आहे. बोळात नाही.

नारायणपेठकरीण

भाऊ, मी सही करून बसलेली आहे, म्हणून सांगते. आम्हाला ११ मजल्यांचं चित्र दाखवलं होतं. मंजूर झाले पाच. त्या खटाटोपात चार वर्षं गेली आणि आम्ही सगळे धायरीत भाड्याने. बिल्डरने भाडं पहिले अठरा महिने दिलं, मग फोन उचलणं बंद. सासूबाई तिकडेच गेल्या, त्यांना शेवटपर्यंत मंडईची भाजी हवी होती.

भाड्याच्या पावत्या सांभाळून ठेवा, जुन्यातली जुनी. करार रजिस्टर झाल्याशिवाय खोली सोडू नका. मजले कमी मंजूर झाले तर आमचं क्षेत्र किती, हे त्यात लिहून घ्या. आम्ही हे विचारलंच नाही. गच्चीतल्या बागेवर भाळलो.

मिळकतपत्रिका

एकेकटे वाडे पाडण्यात अर्थ नाही, सात-आठ वाडे एकत्र करा. मोठा प्लॉट झाला की इमारतीभोवतीचं मोकळं मार्जिन सुटतं, बंब फिरतो, उंचीही मिळते.

ट्रेसिंगपेपर

@मिळकतपत्रिका कागदावर तुमचं शंभर टक्के बरोबर. असा एक नकाशा मी स्वतः काढलाय, सहा वाड्यांचा. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यांवर मिळून ५३ नावं निघाली. एक काका न्यू जर्सीत, दोन बहिणी आपसात बोलत नाहीत, आणि एका वाड्यातल्या मारुतीचा मालक कोण यावर दावा चालू. तो नकाशा अजून माझ्या माळ्यावर गुंडाळून पडलाय.

एक_कटिंग

पेठेतली पहिली सात मजली इमारत शनिवारवाडाच म्हणे. १८२८ ला आग लागली. तेव्हाही बंब पोचला नाही.

ओसरीवरचा

सगळ्यांचे आभार. काल रात्री साडेअकराला, रहदारी थांबल्यावर, टेप घेऊन बोळ मोजला. तोंडाशी ५.२ मीटर. मध्ये विजेची डीपी आणि दत्ताच्या देवळाची पायरी आहे, तिथे ३.९. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, रस्ता रुंद होतोय का? म्हटलं, नाही, चित्रातच झालाय.

सकाळी बिल्डरच्या माणसाला फोन करून प्राधिकरणाचं पत्र आणि बोळाची रुंदी विचारली. "साहेबांना विचारून सांगतो," म्हणाला.

आता वाड्यातली आम्ही नऊ बिऱ्हाडं शनिवारी चौकात बसणार आहोत. @ट्रेसिंगपेपर काका, येता का? चहा आमचा. आईचा एकच प्रश्न आहे: आमच्या २८ फुटांत पाच मजले झाले तर लिफ्ट बसते ना?