शब्दचर्चा: 'पहिली प्रीती' बॅनरवर कशी लिहावी? प्रीती, प्रेम की माया?

जालनेकर
आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दिवाळीनंतर संजीवन सभा, म्हणजे श्रद्धा पुन्हा जागवण्याच्या सभा, असतात. यंदाचा विषय बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातला, इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा. ती मंडळी कष्टाळू आहे, खोटे प्रेषित पारखून घेते, प्रभूच्या नावासाठी सोसते, थकत नाही. तरी तिच्यावर ठपका येतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. आणि लगेच पुढच्या वचनात, पश्चात्ताप कर आणि पहिली कामं कर. आध्यात्मिक नवजीवनाचा गाभा ख्रिस्ती प्रीती आहे. मोठा आवाज, रात्रभर गायन हा गाभा नव्हे, असा सभांचा सगळा रोख आहे. इंग्रजी टिपणांवरून मराठी पुस्तिका करायचं काम माझ्याकडं आलंय.

मसुद्यात 'पहिली प्रीती' ठेवलं होतं. तरुण संघातल्या मुली म्हणाल्या, "दादा, हे बॅनरवर नका लावू, गॅदरिंगच्या गाण्यासारखं वाटू लागलंय." 'पहिलं प्रेम' केलं तर आणखीच अवघड. मंडळीतले ज्येष्ठ म्हणतात, पवित्र शास्त्रातला शब्द आहे, त्याला हात लावायचा नाही. एका मावशींनी 'माया' सुचवलं. मूळ ग्रीकमधला प्रीतीचा शब्द 'अगापे' तसाच ठेवा असं कृपया कुणी सांगू नका. निम्मी मंडळी रानातून थेट सभेला येते, तिच्या हाती ग्रीक शब्द देऊन काय साधणार?

कोशवाला
'प्रीती' ठेवा. संस्कृत 'प्री' धातूचा अर्थ संतुष्ट करणं, आनंद देणं. 'प्रिय', 'प्रेम', 'प्रीती' सगळी त्याचीच लेकरं, त्यामुळं प्रेम आणि प्रीती यांत मुळात वैर नाही. पण वापरात 'प्रीती'ला जो भारदस्तपणा आहे तो पाहा. संकल्पात 'परमेश्वरप्रीत्यर्थ' म्हणतात. तुमच्याच मंडळ्यांत उपासनेनंतरच्या पंगतीला 'प्रीतिभोजन' म्हणतात, आणि पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक आपल्या सामुदायिक जेवणाला अगापेच म्हणत. इतकं नेमकं जुळलेलं जोडकाम उसवायचं कशाला? सिनेमानं शब्द मळवला म्हणून आपण टाकत गेलो तर मराठीत धुतलेला शब्द एकही उरणार नाही.

परभणीची लेक
सर, मान ठेवून बोलते. शब्द कोणासाठी आहे ते आधी बघावं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी केलं (ते 1924 साली, त्यांच्या मागं, छापून झालं) ते कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणूनच. आमच्या घरी 'प्रीती' हे फक्त मुलीचं नाव होतं. आजी म्हणायची, "लेकरावर माया कर, परक्याच्या लेकरावर जास्त कर." त्या वाक्यात ख्रिस्ती प्रीतीचं सगळं आलं. परकं आलं, जास्त आलं, आणि 'कर' आलं.

गोदाकाठ
मी पैठणची, आणि 'माया'ला माझा कडक विरोध आहे. आमच्याकडं वर्षभर कीर्तनं चालतात. त्यात माया म्हणजे भूल, जिच्यातून सुटायचं ती. संजीवन सभेच्या मंडपावर 'मायेकडे परत या' लिहिलं तर रस्त्यानं जाणारा माळकरी काय समजेल? पुस्तिका फक्त मंडळीतच वाचली जाते असं धरून चालू नका.

उलट 'प्रीती'चा सगळ्यात भक्कम साक्षीदार तुकोबा आहेत: "ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती ॥" लेकराचं हित वाहणारी आई, आणि लाभाविण प्रीती. अगापेची व्याख्या विचारली तर मी ही ओळ पुढं करीन. दोन शब्दांत काम झालंय, आणि तेही सतराव्या शतकात. बॅनरवर 'लाभाविण प्रीती' लिहा, गॅदरिंगची शंका उरणार नाही.

जालनेकर
ताई, 'लाभाविण प्रीती' वाचून दोन मिनिटं थांबलो. वहीत लिहून घेतलं. पण मूळ वचनात 'पहिली' आहे आणि ती महत्त्वाची आहे. इफिसवाल्यांकडं आधी होती, मग गेली. ते 'पहिली' सोडलं तर परत फिरण्याची हाक जाते.

उदगीर नाका
हेच भांडण इंग्रजीत पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. लॅटिनमध्ये अगापेला बहुतेक ठिकाणी 'कारितास' झालं. त्याच्या मुळाशी 'कारुस' आहे, म्हणजे प्रिय आणि महागही. त्यावरून इंग्रजीत 'चॅरिटी' आली. विल्यम टिंडलनं 1526 च्या नव्या करारात 'लव्ह' घातलं तेव्हा थॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला. 1611 च्या भाषांतरात करिंथच्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पुन्हा 'चॅरिटी' बसली आणि 1881 च्या सुधारित आवृत्तीत पुन्हा 'लव्ह'. तोवर चॅरिटी म्हणजे दानधर्म एवढंच लोकांच्या डोक्यात उरलं होतं. कोशवाला सर, शब्द घट्ट धरून बसलं तरी अर्थ खालून निघून जातो.

आणि 'अगापे' हाच पवित्र शब्द, असंही नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अम्नोनाला सावत्र बहीण तामारेचा मोह होतो तिथं याच शब्दाचं क्रियापद आहे. करिंथचं ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला टाकून गेलेल्या देमासाला हे जग प्रिय वाटलं, तिथंही तेच. शब्द तयार मिळाला असता तर पौलाला तेरावा अध्याय लिहावाच लागला नसता.

कोशवाला
हे मान्य करूनही माझं म्हणणं राहतंच. पौलानं अध्याय लिहून शब्दात अर्थ भरला. मराठीत ते भरण्याचं काम 'प्रीती'वर झालंय, पिढ्यान्‌पिढ्या पाठांतरानं. "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" हे ज्याला लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ आहे त्याला गॅदरिंग आठवत नाही. बाबा पद्मनजींसारख्या कोशकाराची पिढी या भाषेला घडवून गेली. तुमच्या जालन्यालगत नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात बेथेल वसवलं, त्या लोकांनी हीच भाषा उपासनेत बोलली असणार. तरुण मुलींना ती शिकवा, त्यांच्यासाठी बदलू नका.

दोन टाके
मी शिवणकाम करते, लातूरला. सगळे मायेला भूल म्हणू लागलेत म्हणून लिहिते. आमच्या कामात माया म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड. ब्लाऊज बेतताना खडूची रेघ मापावर मारायची, पण कात्री रेघेच्या बाहेरून चालवायची. बगलेखाली दोन्ही बाजूंना एकेक इंच तरी आत दुमडून राहिलं पाहिजे. वरून दिसत नाही. बाई बाळंतपणानंतर येते, अंग भरलेलं असतं. मग एक शिलाई उसवायची, आतली माया बाहेर काढायची, तोच ब्लाऊज पुन्हा अंगात बसतो. ज्यानं कापड वाचवायला माया सोडली नाही, त्याचा कपडा पहिल्या वर्षीच वाया जातो.

मंडळीचंही असंच असतं असं मला वाटतं. माणसं बदलतात, चुकतात, वाढतात. आत माया सोडलेली असली तर उसवून पुन्हा बसवता येतं. नवजीवन म्हणजे दुसरं काय?

कोशवाला
ताई, सुंदर लिहिलंत. पण व्युत्पत्ती म्हणून हे धरू नका. शिवणातली माया, जमवलेली माया म्हणजे पैसाअडका, वेदान्तातली माया आणि आजीची माया, या चार वापरांचा उगम एकच आहे असं गृहीत धरता येत नाही. 'मा' म्हणजे मोजणं हा धातू आहे. शिवणातली माया मापाशी जोडता येईल, वात्सल्याशी नाही.

दोन टाके
सर, मापाबाहेर सोडतात तिला माया म्हणतात. मापाशी जोडलीत तरी ती मापापेक्षा जास्तच आहे. मला तेवढंच म्हणायचं होतं.

परभणीची लेक
दोन टाके ताईंचं मला पटलं. अजून एक धागा. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकले. ते दयेला 'रहम' म्हणायचे. अरबीत रहमचं मूळ आणि गर्भाशयाचं मूळ एकच आहे. हिब्रूतही 'रहमीम' म्हणजे कळवळा आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. देवाच्या दयेसाठी जुन्या करारात हा शब्द येतो. मग 'माय' आणि 'माया' शेजारी ठेवले तर बिघडलं कुठं? धातू वेगळे असतील. कानाला ते जवळचे आहेत, आणि माणसं कानानं ऐकतात.

गोदाकाठ
कानानं ऐकतात म्हणूनच म्हणते, कीर्तन ऐकलेला कान वेगळं ऐकतो!

नाथांची गोष्ट इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. गोदावरीच्या वाळवंटात दुपारी पाय भाजत असताना दलिताचं चुकलेलं पोर रडत होतं. नाथांनी ते उचलून कडेवर घेतलं, नाकडोळे पुसले, त्याच्या घरी नेऊन दिलं. तेव्हाच्या पैठणात याची काय किंमत होती ते सांगायला नको. त्या गोष्टीत नाथ काही बोलत नाहीत. प्रीती, प्रेम, माया यांतला एकही शब्द तिथं लागत नाही. त्यामुळं मला आता वाटतंय, नामाच्या मागं लागून आपण वेळ घालवतोय.

उदगीर नाका
बरोबर धरलंत. क्रियापद बघा. मराठीत प्रेम बसतं, जडतं, लळा लागतो, जीव गुंततो. सगळं आपोआप होणारं. म्हणून 'प्रीती करा' ही आज्ञा कानाला परकी लागते. जे आपोआप होतं ते करा कसं म्हणायचं? पण येशूनं शेवटच्या भोजनाच्या रात्री दिली ती नवी आज्ञाच होती, जशी मी तुमच्यावर केली तशी एकमेकांवर करा. आज्ञा चालेल अशी क्रियापदं मराठीत आहेत. जीव लाव. माया कर. ओढून घे. सांभाळून घे.

त्यात आणखी एक. तेराव्या अध्यायात ग्रीकमध्ये 'सहनशील', 'परोपकारी' अशी विशेषणं नाहीत, क्रियापदं आहेत. अगापे सोसते, भलं करते, असं ते चालतं. मराठीत 'आहे, आहे' झाल्यावर ते गुणांचं वर्णन झालं आणि बसून राहिलं. पुस्तिकेत तेवढा एक परिच्छेद तरी क्रियापदांनी लिहून पाहा.

जालनेकर
हे करतो. यानं माझी निम्मी अडचण सुटली. आता खरी अडचण सांगतो, जी शब्दाची नाहीच.

आमच्या मंडळीत दोन घरं बांधावरून बोलायची बंद आहेत. दोन्ही घरं दर सभेला येतात, डोळ्यांत पाणी आणून गातात, आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर जातात. मागच्या सभांनंतर सगळे म्हणाले, काय संजीवन झालं! बांध तिथंच आहे. यंदा उन्हाळ्यात एका घरातली सून दवाखान्यात होती तेव्हा दुसऱ्या घरच्या काकूंनी तिसऱ्याच्या हाती डबा पाठवला, नाव सांगू नको म्हणून बजावून. भाकरी, पिठलं, वर ठेचा. सुनेनं ठेच्यावरून ओळखलं, कारण तसा तीळ घालून त्याच काकू करतात. त्या दिवशी संजीवनाची सुरुवात झाली असं मी मानतो, मंडप लागायच्या आधी. 'पहिली कामं कर' याचा अर्थ मी असाच लावतो.

परभणीची लेक
केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905 साली मोठं संजीवन झालं. लोक त्याबद्दल प्रार्थनेचं, रडण्याचं, साक्षींचं बोलतात. पण 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून भुकेल्या मुली घेऊन आल्या होत्या. आधी भाकर, अंगावर कपडा, अंथरूण, मग काही वर्षांनी ते संजीवन. क्रम लक्षात घ्यावा. दादा, तुमच्या पुस्तिकेत हे जरूर घाला.

कोशवाला
घाला, पण 'संजीवन' या शब्दाचाही विचार करा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात 'मनाच्या नवीकरणाने' असं येतं. संजीवन म्हणजे मेलेलं जिवंत करणं. इफिसची मंडळी मेलेली नव्हती, राबत होती. तिला नवीकरण हवं होतं.

उदगीर नाका
सर, नवीकरण म्हटलं की लोकांना परवाना आठवतो, आरटीओ ऑफिसची रांग आठवते. ते 'नूतनीकरण' असतं म्हणा, पण ऐकणारा फरक करत नाही. आमच्याकडं जुने लोक 'जागृती' म्हणायचे.

कोशवाला
परवान्याच्या भीतीनं पौलाचा शब्द सोडायचा? मग तर 'मंडळी'ही सोडा, त्याचा अर्थ बायको होतो म्हणून.

गोदाकाठ
सर, चिडू नका. जालनेकर, मी असते तर बॅनरवर 'पहिली प्रीती, पहिली कामं' एवढं लिहिलं असतं. कामं शेजारी आली की प्रीती गाण्यातली राहत नाही.

जालनेकर
हे मी सोमवारच्या बैठकीत ठेवतो. ज्येष्ठांना 'कामं' खटकेल, ते 'कृत्ये' म्हणतील. मी 'कामं'साठी भांडेन.

दोन टाके
एक विचारायचं राहिलं. आमच्या हिंगोलीच्या सासरी सगळे 'मया' म्हणतात, 'मया लावली', पहिलं अक्षर आखूड. ब्लाऊजातलीला मात्र 'माया'च, लांब. हे दोन वेगळे शब्द आहेत का? बाकीच्या गावांकडं कसं बोलतात?

परभणीची लेक
आमच्याकडं दोन्ही 'माया'. पण आत्याच्या तोंडी 'मया' ऐकलंय. तिला फोन करून विचारते.