इ-ड्रम गेमला जोडला की वाद्याचं खेळणं होतं म्हणे!

हलगीवाला

परवा एकाने विचारलं होतं, मुलाला ड्रम शिकायचेत, कुठला सेट घेऊ. त्यावर ठेकाबहाद्दर यांचं उत्तर: "इलेक्ट्रॉनिक घ्या, पण चुकूनही गेमला जोडू नका. रंगीत ठिपके बडवून कोणी ड्रमर होत नसतो, चांगल्या वाद्याचं खेळणं मात्र होतं." खाली भराभर अंगठे पडले. तिथे लिहिलं असतं तर त्या बिचाऱ्याच्या प्रश्नाचा विचका झाला असता, म्हणून वेगळा धागा.

हे मत २००७-०८ सालात अडकलेलं आहे. तेव्हा रॉक बँड या गाण्यासोबत वाजवायच्या व्हिडिओ गेममध्ये चार प्लास्टिकच्या थाळ्या आणि एक पेडल एवढाच कारभार होता, झांजा आणि टॉम (स्नेअरखेरीजचे हाताने वाजवायचे ड्रम) एकाच थाळीवर. २०१० च्या रॉक बँड ३ मध्ये प्रो ड्रम्स आले आणि पिवळी, निळी, हिरवी अशा तीन झांजा टॉमपासून वेगळ्या झाल्या. म्हणजे हाय-हॅट (पायाने उघड-मीट होणारी जोडझांज), राइड, क्रॅश. एक्सपर्ट या सर्वांत अवघड पातळीवर प्रो लावा, समोर येतं ते रेकॉर्डिंगमध्ये ड्रमरने जे वाजवलंय त्याच्या बरंच जवळचं असतं. हात तिथेच जातो जिथे खऱ्या सेटवर जायला हवा.

आणि जोडणं म्हणजे काही रॉकेट सोडणं नाही. मॉड्यूल म्हणजे सेटचा आवाज काढणारी पेटी, तिच्यामागे प्रिंटरला असते तसली यूएसबीची खाच असते. वायर लॅपटॉपला लावा, क्लोन हीरो हा तसलाच गेम फुकट आहे, मिडी (ठोके नंबरांत पाठवायची पद्धत) सेट थेट ओळखतो. किक (पायाचा ड्रम) ३६, स्नेअर (मांडीपुढचा कडक ड्रम) ३८, असे नंबर गेमच्या रंगांना जोडायचे, एकदा मॅपिंग केलं की झालं.

माझा पोरगा मेट्रोनोम लावला की दहा मिनिटांत पाणी प्यायला उठतो. गेम लावला की जेवायला हाका माराव्या लागतात. ज्यांना "गेमने ताल बिघडतो" असं वाटतं त्यांनी बहुतेक टीव्हीचा चित्रातला उशीर कमी करणारा गेम मोड लावलेला नसतो, वर ब्लूटूथ हेडफोन. गाणं उशिरा ऐकू येणार, चित्रही उशिरा दिसणार, आणि शिव्या गेमला.

ठेकाबहाद्दर

नाव घेऊन धागा काढलात, आभार.

मी शिकवतो. माझ्याकडे एक मुलगा आला, गेमवर भन्नाट वेगाची गाणी शंभर टक्के मारणारा. स्क्रीन बंद केली आणि म्हटलं, साधा आठचा ठेका धर, मध्ये एक फिल (ठेका सोडून भरायचा छोटा तुकडा), परत समेवर ये. फिलनंतर एक कुठे आहे तेच त्याला सापडेना. कारण एक कुठे आहे हे त्याला आजवर स्क्रीन सांगत होती.

दुसरं, जोर. रॉक बँडला मार लागला की नाही एवढंच कळतं. स्नेअरवरची जेमतेम ऐकू येणारी घोस्ट नोट आणि सणसणीत बॅकबीट, दोन्हीला गुण तेच. मग पोरं सगळंच हाणतात. तिसरं, वेळेची सूट. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळावी मात्रा, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, १२५ मिलिसेकंदांची. गेम त्यातलं बरंच मागेपुढे खपवून घेतो, वर शाबासकीही देतो. तबल्याला बसलेल्या पोराला आधी तोंडाने बोल म्हणायला लावतात ते उगाच नाही.

एडिसनकर

ठेकाबहाद्दर, घोस्ट नोटचं रॉक बँडपुरतं बरोबर. क्लोन हीरोत चार्टमध्ये (गाण्याच्या ठिपक्यांच्या मांडणीत) घोस्ट आणि जोराचे अॅक्सेंट असू शकतात, मॉड्यूल वेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, पाठवतंच. बघून मग बोला.

हलगीवाला, तुमचं "एकदा मॅपिंग केलं की झालं" वाचून हसू आलं. आमच्या बेसमेंटमध्ये अजून एक्सबॉक्स ३६० हा जुना गेम कन्सोल आणि त्याला सेट जोडणारा मिडी प्रो अडॅप्टर आहे. पाच पिनांची वायर आत, कडेला एक चक्री, हलके मार किती दुर्लक्षित करायचे ते ठरवायला. चक्री कमी ठेवली की स्नेअर मारताना शेजारचा टॉम आपोआप "वाजतो". जास्त ठेवली की आमची मुलगी मारते तो प्रत्येक तिसरा ठोका गायब.

त्याहून डोकेदुखी ४४ नंबर. हाय-हॅट पायाने मिटली की मॉड्यूल ४४ पाठवतं. तो पिवळ्या झांजेला जोडला असेल तर पायाने लय धरणाऱ्या माणसाची स्ट्रीक (न चुकता चाललेली मालिका) प्रत्येक मिटण्याला तुटते. म्हणजे चांगली सवय असलेल्यालाच शिक्षा! ४४ कशालाच जोडू नका. ४२ (मिटलेली हाय-हॅट) आणि ४६ (उघडी) पिवळ्याला, आणि रोलँड कंपनीचा सेट असेल तर हाय-हॅटच्या कडेचे २२, २६ सुद्धा. ते राहिले की "माझी हाय-हॅट मध्येच मरते" म्हणून रडगाणं सुरू.

आणि हा अडॅप्टर आता बनतही नाही. जुन्या बाजारात लोक सोन्याच्या भावाने विकतात. या कंपन्यांनी एकेका पिढीच्या कन्सोलसोबत वाद्यं कचऱ्यात काढायला लावली, त्यावर एक वेगळा धागा होईल.

तिसरा मजला

तुमचे ४२ आणि ४४ राहू द्या. "हेडफोन लावले की आवाज नाही" हे या सेटवाल्यांना कोणी सांगितलं? आमच्या डोक्यावर एक दिवटा राहतो. गाणं ऐकू येत नाही, फक्त धप्प. धप्प. धप्प-धप्प. किकचा ठोका स्टँडमधून थेट स्लॅबमध्ये उतरतो. सोसायटीत सांगितलं तर म्हणे, काका, हे सायलेंट आहे.

हलगीवाला

काका, मेश म्हणजे जाळीचे पॅड लावायला सांगा.

तिसरा मजला

लावलेत. मेशने हातांचा आवाज कमी होतो, पायाचा नाही. आणि मला काका म्हणू नका.

नदीकाठ

धप्पचं कौतुक आम्हाला सांगू नका. आम्ही पुण्यात मुठेच्या काठी राहतो. गणपतीच्या आधी पथकांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, असं २००० च्या नियमात लिहिलंय. लिहिलंय फक्त. तुमच्या वरच्या पोराला निदान हेडफोन तरी आहे.

ठेकाबहाद्दर

पथकांना मध्ये आणू नका. तिथल्या पोरांना समोर ठिपके लागत नाहीत. शेकडो ढोल एका टोलवर येतात, ते शिस्तीने आणि कानाने.

नदीकाठ

शेकडो येतात हीच तर तक्रार आहे!! तुमच्या घराखाली येऊ देत, मग शिस्त ऐकू.

ठेकाबहाद्दर

ज्यांना आपला सण सोसत नाही त्यांनी नदीकाठी फ्लॅट घ्यावा कशाला?

नदीकाठ

आमचं घर पथकांच्या आधीपासून इथे आहे. आणि सण सोसत नाही असं मी कुठे म्हटलं? आमच्याच घरचे दोघे पथकात आहेत. म्हणून तर कानठळ्या काय असतात ते घरबसल्या माहीत आहे.

एडिसनकर

धागा कुठे चाललाय!

तिसरा मजला, यावर उपाय आहे. प्लायवूडचे दोन तक्ते, मध्ये टेनिसचे चेंडू, चेंडू बसतील एवढी भोकं पाडून. सेट त्यावर. आमचं घर लाकडी, खाली ठोका गेला की वरपर्यंत कळतो. हे केल्यावर बायकोच्या मीटिंगमधून तक्रारी थांबल्या. पूर्ण नाही, पण फोन करून ओरडण्याइतका राहिला नाही. नुसती सतरंजी अंथरून काही होत नाही.

आणि हलगीवाला, गेमचा आवाज टीव्हीतून घेऊ नका. मॉड्यूलच्या मिक्स-इनला (बाहेरचा आवाज आत घेणारी खाच) द्या म्हणजे तुमचा ठोका आणि गाणं एकाच हेडफोनमध्ये येतं. गेममधला ड्रमचा आवाज बंद करा. मग आपण मागे पडतोय की पुढे हे कानाला कळतं, गुण काहीही म्हणोत.

ठेकाबहाद्दर

हे शेवटचं मान्य. आता एवढं केलंतच तर पोराला गाणं पाठ झालं की मॉनिटरचं बटण बंद करा आणि तेच गाणं वाजवायला लावा. दोन कडव्यांनंतर जागेवर असला तर मी माझे शब्द मागे घेतो. माझा अंदाज, घ्यावे लागणार नाहीत.

हलगीवाला

काल रात्री करून बघितलं. पहिलं कडवं नीट गेलं. नंतरच्या फिलमध्ये एक मात्रा खाल्ली, पण कोरसला आपला आपण पकडला. तुमचा विद्यार्थी नसूनही.

ठेकाबहाद्दर

एक मात्रा खाल्ली. बरं.

तिसरा मजला

ते चेंडूवालं वरच्यांना पाठवलं. चेंडू मी आणून देतो म्हटलंय, प्लायवूड त्यांनी आणायचं. पण दुपारी दोन ते चार सेट बंद म्हणजे बंद, मग खाली चेंडू असोत नाहीतर गाद्या.