दिव्यांग प्रमाणपत्र आणि अनुदानासाठी मदत कोणाची घ्यावी?

प्रश्न:
अपघातानंतर माझ्या मोठ्या भावाचा उजवा गुडघा वाकत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाने त्याला 34 टक्क्यांचे प्रमाणपत्र दिले. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी मात्र किमान 40 टक्के लागतात. तहसील कार्यालयाबाहेर बसणारे एक गृहस्थ टक्केवारी वाढवून अनुदानही मंजूर करून देतो म्हणतात आणि निम्मे पैसे आगाऊ मागतात. त्यांच्याकडे जावे की वकील करावा? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1:
त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. टक्केवारी तपासणीनंतर मंडळ ठरवते; ती वाढवून देण्याचे आश्वासन म्हणजे खोट्या कागदाचेच आश्वासन, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 नुसार दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या भावाला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मंडळाचा निर्णय पटत नसेल तर कलम 59 खाली अपील करता येते. त्यासाठी ठरावीक मुदत असते, म्हणून प्रमाणपत्रावरील तारीख आजच पाहा.

उत्तर 2:
अपिलासाठी जाणत्या माणसाची मदत जरूर घ्यावी, पण ती विकत घेण्याची गरज बहुधा पडणार नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास दिव्यांग व्यक्तींना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना विनामूल्य वकील मिळतो. 15100 या क्रमांकावरही चौकशी करता येते. तरीही खासगी वकील करायचाच असेल, तर त्यांनी अशी अपिले पूर्वी चालवली आहेत का, हे आधी विचारा आणि शुल्क लेखी घ्या. निकालाची हमी देणाऱ्यापासून लांबच राहा. मला वकिलाइतकेच महत्त्वाचे वाटतात ते उपचार करणारे अस्थिरोगतज्ज्ञ, कारण गुडघा किती अंशांत वाकतो हे त्यांनी मोजून लिहून दिले, तर अपिलात बोलायला काहीतरी ठोस हाती राहते.

उत्तर 3:
अर्ज भरण्यापुरती सेवा केंद्राची मदत घ्यायला हरकत नाही. मात्र स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करायच्या सरकारी संकेतस्थळावर) मोबाइल क्रमांक भावाचाच नोंदवला आहे ना, हे पडद्यावर स्वतः वाचून पाहा. काही मध्यस्थ तिथे आपला क्रमांक टाकतात. मग ओटीपी आणि तपासणीचे निरोप त्यांच्याकडेच जातात आणि प्रत्येक वेळी त्यांच्या दारात उभे राहावे लागते. पोचपावती आणि मूळ वैद्यकीय कागद कोणाच्याही हाती ठेवू नका, झेरॉक्स द्या.