प्रेमकादंबरीत सांगलीकडची बोली किती ठेवावी?

प्रश्न: नायिका मिरजेची, नायक कराडचा. निवेदन प्रमाण मराठीत आहे. संवाद पूर्ण बोलीत लिहिले की वाचक अडखळतो, प्रमाणात लिहिले की मालिकेसारखे वाटतात. आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी यावं?

कृष्णाकाठ: बोली क्रियापदांत ठेवा. 'कुठं चाललायस', 'व्हय', 'न्हाई' एवढं पुरतं. प्रत्येक शब्द उच्चाराप्रमाणे लिहिला की वाचक अर्थ लावत बसतो आणि ओढ तिथंच तुटते. तिकडच्या मुली 'मी आलो, मी जातो' म्हणतात, ते जरूर ठेवा, फार गोड आहे ते! फक्त पहिल्याच प्रकरणात, साध्या प्रसंगात आणा. नाहीतर बाहेरचा वाचक छपाईची चूक समजेल.

अजिंक्यतारा: 'तू' घाईनं आणू नका. आधी काही संवादांत 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही गाळा: 'जेवण झालं?', 'कधी निघायचं?' मराठीत हे सहज चालतं, आणि ती टाळाटाळच सगळं सांगते. मग 'तू' एकदाच, मोक्याच्या वाक्यात. चारचौघांत मात्र 'तुम्ही'च राहू द्या.

कृष्णाकाठ: सहमत. जवळिकीच्या प्रसंगात 'अधर', 'बाहुपाश' टाळा. निवेदन अचानक संस्कृतप्रचुर झालं की पात्रं परकी वाटतात. हात, श्वास, मान हे रोजचेच शब्द वापरा.